आईच्या आवाजाचा वेग

३ फेब्रुवारी

मावशीने आज कहर केला! दादा आला होता, त्याने मोबाइलवर आईचं रेकॉर्डिंग लावलं. आईचा तेवढा एकच आवाज आमच्याकडे आहे — दोन मिनिटांचा, मला झोपवतानाचा. "डोळे मीट बघू. मिटलेस का? मग हसतेस कशाला?" मी तेव्हा दोन वर्षांची, दादा पाचचा. पुढे वर्षभरात आई गेली आणि तिच्या धाकट्या बहिणीने, या मावशीनेच, आम्हा दोघांना वाढवलं.

मावशी ऐकत राहिली आणि म्हणाली, "ही कोण बाई? ही ताई नाही."

आधी मला हसूच आलं. मग वाटलं — सख्ख्या बहिणीचा आवाज ओळखू येईना?

जाताना दादा जिन्यात म्हणाला, "बघितलंस? गॅस बंद करायला विसरते ते वेगळं, हे वेगळं."

४ फेब्रुवारी

दादाने मावशीसाठी वृद्धाश्रमात जागा बघितली. शनिवारी न्यायचं म्हणे. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

६ फेब्रुवारी

अजून विश्वास बसत नाही.

स्टुडिओत डबिंगचं काम लवकर आटपलं, म्हणून आईची फाइल उघडली. मावशीला नीट ऐकू येत नसेल, जरा साफ करून देऊ, एवढंच मनात. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये विजेची बारीक घूंऽ असते, ती मी आधी काढते. ती पन्नासवर असते — सेकंदाला पन्नास हेलकावे, आमच्याकडची वीजच तशी. तर पन्नासवर काहीच नाही! घूं बसलीय सेहेचाळीसवर.

वीज काही हळू चालत नाही. म्हणजे फाइलच हळू चालतेय!

फाइलची माहिती उघडून हिशोब केला. बाबांच्या डिजिटल टेप-रेकॉर्डरने आवाजाचे सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार तुकडे घेतले होते. फाइलवर शिक्का मात्र चव्वेचाळीस हजार शंभरचा. कॉम्प्युटर बिचारा आपल्या घड्याळावर सेकंदाला तेवढेच मोजून वाजवतो. मग एका सेकंदाचं बोलणं सेकंदात संपत नाही, आवाज रेंगाळतो, जाड होतो. दहा वर्षं हाच ऐकतेय मी! दिवसभर परक्यांचे आवाज तपासते आणि घरचा एक तपासला नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

फाइल साफ केली — घूं गेली, मागची धपधप गेली. आकडा बदलला. वाजवली.

कोवळा, लगबगीचा आवाज. कुठेतरी ओळखीचा, पण माझी आई नाही वाटली. माझी आई संथ बोलायची, भारदस्त होती. आजारी पडले की तिलाच कानाशी लावून झोपायचे मी. ती बाई कधी नव्हतीच? स्टुडिओचं दार लावून ढसाढसा रडले.

७ फेब्रुवारी

दादाला फोन केला. बाबा गेल्यावर कपाटातली ती टेप त्यानेच कॉम्प्युटरवर घेतली होती. "कॉम्प्युटरने काहीतरी विचारलं, मी ओके केलं," म्हणे. ओके केलं! तोंडाला येईल ते बोलले मी. "मावशी बरोबर होती, दादा! खुळे आपण!"

तो म्हणाला, "उद्या येतो. माझ्यासमोर तिला खऱ्या वेगाने ऐकव. तिने आईला ओळखलं, तर शनिवारचं रद्द."

बाई गं, ओळख!

८ फेब्रुवारी

मावशीला हेडफोन घातला. पहिल्याच वाक्याला ती खुदकन हसली. "अगं, ही तर मी!"

दादा तिच्यासमोर येऊन बसला.

"ताईचा आवाज आजारात पार बसला होता. मग बोलायचे मी, आणि थोपटायची ती." एवढं बोलून मावशीने कपाळाला आठ्या घातल्या. "पण ते कुठं गेलं गं? तिचं थोपटणं?"

दादाने तिथूनच फोन लावून शनिवारचं रद्द केलं. मूळ फाइल शाबूत आहे म्हणून बरं! कुणीतरी टेबल ठोकतंय असं वाटून ती धपधप परवा मी साफ करताना काढून टाकली होती. आईलाच पुसून टाकलं होतं मी!