सुरुवातीतली चार गावं

माघ २०, विक्रम संवत २०६१ — बुधवार

बातम्या बंद! काल राजाने सारी सत्ता हातात घेतली, तेव्हापासून फोनही मुके. सकाळी रेडिओ स्टेशनवर गेले तर दारात दोन बंदूकवाले, आणि आत आमचे प्रमुख मानन्धर सर यांच्या खुर्चीत तिसराच माणूस, लष्कराचे साहेब. सर स्टुलावर. सरांनी खाली मान घालून सांगितलं — बातम्या नाहीत, चर्चा नाहीत, मुलाखती नाहीत. गाणी लावायची. मध्ये 'हा रेडिओ धारापाखा' एवढं म्हटलं तर चालेल.

म्हणजे अख्ख्या रेडिओवर बोलणं उरलं ते फक्त मी लिहिते तेवढंच. 'चौतारी' या आमच्या सकाळच्या कार्यक्रमाची (नाव वाटेवरच्या विसाव्याच्या पारावरून) सहाची सुरुवात, दर पंधरा मिनिटांनी ओळख, आठला निरोप. चार वर्षं या तुकड्यांना कुणी विचारलं नाही. बातमीवाले म्हणायचे, तुलसाचं काम म्हणजे ताटातली चटणी. माझे शब्द वाचणारे हर्कदाइ आज हळूच म्हणाले, "घे बहिनी. आता चटणीचंच जेवण."

नवीन नियम असा. सगळं आदल्या दिवशी चार वाजता रेकॉर्ड करायचं, कॅसेट साहेबांच्या हातात द्यायची. सकाळी पावणेसहाला ती साहेब स्वतःच घेऊन येणार. आणि सुरुवात अर्ध्या मिनिटात आटपायची. आधी मी अकराच्या अकरा गावांना नमस्कार घालायचे, चढणीला लागतात त्या क्रमाने. आता चारच बसतात. कुठली चार? रोज कानाला बरी लागतील ती, दुसरं काय.

माघ २१ — गुरुवार

साहेबांनी निरोपातलं 'उतारावर पाय जपा' कापलं. म्हणे, "का जपायचे? रस्ते सुरक्षित आहेत." मग ओळखीतलं 'तुम्ही वर असा की खाली, आवाज एकच' हेही कापलं. "वर म्हणजे कोण? जंगलातले?" मी म्हटलं, वर म्हणजे वर, साहेब, डोंगरावर. ते हसले आणि लाल पेन्सिल फिरवली. आवाज कधी चढवत नाहीत, धाकट्या बहिणीसारखं 'बहिनी' म्हणतात, स्वतःच्या खिशातली संत्री सगळ्यांना वाटतात. हर्कदाइंनी त्यांचं नाव ठेवलंय कात्रीसाहेब.

आमच्या गावाचं, भालुखर्कचं काही कळत नाही. आई आणि धाकटी बहीण कान्छी वर दोघीच. जंगलातले बंडखोर आपल्या फौजेसाठी घरटी एक माणूस मागतायत, मुलगी असली तरी सोडत नाहीत. कान्छी सोळाची झाली. दसैनच्या सणालाच तिला इकडे आणायला हवं होतं. मीच शहाणी, म्हणाले परीक्षा होऊ दे. आता मी वर जायचं तर लष्करी छावणीचा पास हवा आणि रेडिओवाल्यांना पास नाही.

माघ २३ — शनिवार

सिस्नेरीच्या वाटेवर सुरुंग फुटला. दुपारी आवाज इथवर आला, कपबशा हलल्या. किती गेले कुणी सांगत नाही. सांगणार कोण? आम्ही गाणी लावतोय.

माघ २४ — रविवार

आज जे ऐकलं ते लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

काउलेबोटची फूलमाया दिदी गुंद्रुक, आंबवून सुकवलेला पाला, विकायला आली. म्हटलं, अशा दिवसांत कशाला उतरलीस गं? तर म्हणाली, "तुम्हीच तर बोलावलंत."

"मी?"

"रेडिओवर नाव घेतलंत ना आमचं. नाव घेतलं म्हणजे वाट मोकळी. नाही घेतलं तर घरी बसायचं. सगळ्यांना कळलंय, तुम्ही नका काळजी करू, कुणी बोलणार नाही." आणि माझा हात दाबला! "काल सिस्नेरीचं नाव घेतलं नव्हतंत. तिथल्या माझ्या दिराचा पाठीवरचा डोको भाजीने काठोकाठ भरलेला होता, तरी तो थांबला. तुमच्यामुळे वाचला हो."

सिस्नेरी सोडलं कारण 'सिस्नेरी' आणि 'सकाळ' जवळ आले की हर्कदाइंची जीभ अडखळते. एवढंच! पण लोकांचं तरी काय चुकलं? वरच्या गावांत घड्याळ कुणाकडे आहे? सुरुवात लागली की चूल पेटते, आपल्या गावाला नमस्कार आला की डोको पाठीवर. आईही तेच करते. वर्षानुवर्षं नाव आलं की उठायचं. मग नाव आलं नाही की काय करायचं, हे त्यांचं त्यांनी ठरवलं.

हर्कदाइंना सांगितलं. त्यांनी माइकचं फडकं घडी घालून ठेवलं. मग म्हणाले, "हे खोटं आहे असं लोकांना सांगायचं तर कुठून सांगणार? बातम्या बंद आहेत."

माघ २५ — सोमवार

उपाय सापडला. नावंच नकोत. उद्याची सुरुवात अशी — 'रेडिओ धारापाखा. ऊन डोंगरमाथ्यावर आलं. चौतारीवर टेकवलेला भार उचला. सगळ्या गावांना नमस्कार.' साहेब म्हणाले, "आज कापण्यासारखं काही नाही." मला हायसं वाटलं.

माघ २६ — मंगळवार

बाजारात चिटपाखरू नाही. एक डोको उतरला नाही, दूध नाही, भाजी नाही. अकरा गावं घरात बसून आहेत.

उद्यासाठी परत चार नावं घातली. रातामाटा पहिलं.

माघ २७ — बुधवार

रातामाट्याची एक बाई तीन दिवस अडलेली होती. घरच्यांनी डोलीही बांधून ठेवली होती. काल नाव आलं नाही म्हणून थांबले. आज नाव आलं आणि निघाले. आरोग्य चौकीच्या पायरीवर बाई गेली. मूल आहे.

तिचा सासरा रेडिओवर आला होता. मला वाटलं शिव्या घालेल. हात जोडून म्हणाला, "तुम्ही सांगितलंत म्हणून वाटेत काही झालं नाही. तेवढे तरी उपकार." मी त्याला दारापर्यंत सोडलं.

हर्कदाइ म्हणतात, तुझा काय दोष. माझा नाही तर कुणाचा? लिहिलं कुणी?

माघ २९ — शुक्रवार

आता खरोखरच माहिती काढते आहे. दुसरा मार्ग नाही. पहाटे चहाच्या टपरीवर बसते, लष्कराच्या गाड्या कुठल्या फाट्याला वळल्या ते बघते. खेचरवाल्यांशी गप्पा मारते, कुठे काय दिसलं ते काढून घेते. मग चार नावं ठरवते. म्हणजे लोक जे समजत होते तेच मी झाले आहे. पहिल्यांदा खोटं होतं, आता खरं आहे, आणि दोन्हींची मला सारखीच भीती वाटते.

भालुखर्क अजून एकदाही घेतलेलं नाही. भालुखर्कहून उतरायचं तर झुलता पूल ओलांडावा लागतो आणि पुलापाशी कधी कोण असेल सांगता येत नाही.

फागुन १ — शनिवार

फूलमाया दिदीला पुलाजवळच्या पाणचक्कीवर आई भेटली! दोघी बऱ्या आहेत. आईचा निरोप दिदीने जसाच्या तसा सांगितला. "तुलसाला म्हणावं, कान्छीचा डोको भरून दाराशी ठेवलाय. जंगलातल्यांची चिठ्ठी आली आहे, पौर्णिमेपर्यंत पोर द्या म्हणून. तू नाव घे. ज्या दिवशी भालुखर्क म्हणशील त्याच क्षणी तिला वाटेला लावते. पण खात्री करून म्हण हो बाई. मी तुझ्या जिभेवर पोर सोडते आहे."

एक शब्द लिहायचा आहे. माझ्याच्याने लिहवत नाही.

फागुन २ — रविवार

साहेबांनी जुन्या सुरुवातींच्या सगळ्या कॅसेट मागितल्या. दोन वर्षांच्या. छावणीत तपासायला नेणार. मानन्धर सरांनी खोकं बांधून दिलं. हर्कदाइ म्हणाले, "ऐकू देत. एवढे नमस्कार त्यांना आयुष्यात कुणी घातले नसतील."

मी हसले. कितीतरी दिवसांनी.

फागुन ३ — सोमवार

तीन खेचरवाले, तिघांचं म्हणणं एकच. पुलावर कुणी नाही. गस्त परवाच खाली आली, जंगलातले लोक पलीकडच्या खोऱ्यात गेले. चौथा फूलमाया दिदीचा दीर, तोही तेच म्हणाला. पौर्णिमेला नऊ दिवस.

लिहिलं. 'नमस्कार भालुखर्क, नमस्कार काउलेबोट, नमस्कार रातामाटा, नमस्कार धुपीडांडा.' हर्कदाइंनी इतकं गोड वाचलं की माझे डोळे भरून आले.

चार वाजता साहेबांनी कागद हातात घेतला. रोज काहीतरी कापतात. आज पेन्सिल उचललीच नाही.

"भालुखर्क तुमचं माहेर ना, बहिनी?"

"हो."

"मग इतके दिवस का नाही घेतलं?"

मी म्हटलं, चालीत बसत नव्हतं. त्यांनी एक संत्रं सोललं, अर्धं माझ्यापुढे ठेवलं. म्हणाले, "सुरेख लिहिता. या वाटेवर चालणारे सगळेच तुमचं ऐकतात, नाही का? जंगलातलेही." मग वहीत काहीतरी लिहिलं. वही उलटी दिसत होती तरी मला वाचता आली. तारखा होत्या, आणि प्रत्येक तारखेपुढे चार गावं.

त्यांना सगळं माहीत आहे.

तरी बोलले. "साहेब, भालुखर्क जरा लांबतंय. अर्ध्या मिनिटाच्या वर जातं. बदलून देऊ?" त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "तुमचं काम तुम्हाला कळतं." मी लगेच दुसरा कागद लिहिला, भालुखर्कच्या जागी सल्लेघारी घातलं. हर्कदाइ एका शब्दाने न विचारता परत वाचायला बसले. त्याच कॅसेटवर नवीन घेतलं, म्हणजे पहिलं पुसलं गेलं. मी स्वतः ऐकून खात्री केली.

अर्धं संत्रं टेबलावर तसंच ठेवून आले.

फागुन ४ — मंगळवार

सुरुवात नीट लागली. सल्लेघारी, काउलेबोट, रातामाटा, धुपीडांडा. कान्छी घरी आहे. देवाला हात जोडले.

दुपारी फूलमाया दिदी धापा टाकत आली. काउलेबोटवरून ताडपत्रीखाली माणसं भरलेल्या छावणीच्या दोन गाड्या वर गेल्या, आणि खाली आल्या त्या रिकाम्या. म्हणजे माणसं पुलाशीच उतरली. दिदी म्हणाली, "उद्या आमचं नाव नका घेऊ." मी म्हटलं, नाही घेत. "आणि वरचं?" वरचं तर मुळीच नाही, बाई. पूल ओलांडायला लावणारं एकही गाव घ्यायचं नाही.

उद्याच्या कागदावर चारही नावं नदीच्या अलीकडची लिहिली. साहेबांनी कागद नीट वाचलासुद्धा नाही, 'ठीक आहे' म्हणून कॅसेट खिशात टाकली. जाता जाता हर्कदाइंच्या पाठीवर थाप मारली. "हर्कबहादुर, तुमचा आवाज इतक्या वर्षांत तसूभर बदललेला नाही हो. जुनी कॅसेट कुठली, नवी कुठली, सांगता येत नाही."

हर्कदाइ लाजले. थँक्यू म्हणाले.

पण मी आहे ती आईपाशी. म्हणजे माझं मन. आई शेगडीशी बसून रेडिओचा कान पिळत असेल. बस, उद्याचा दिवस जाऊ दे. पुलावरची माणसं किती दिवस थंडीत बसतील? ती उतरली की म्हणेन. पौर्णिमेला अजून आठ दिवस आहेत.

फागुन ५ — बुधवार, सहा वाजून दोन मिनिटं

सुरुवात लागली. मी लिहिलेली नव्हती. आवाज हर्कदाइंचा. शब्द माझे, निरनिराळ्या वर्षांतल्या जुन्या कॅसेटमधून कापून जोडलेले. प्रत्येक नमस्काराच्या मागे खोलीचा आवाज वेगळा.

नमस्कार भालुखर्क. पहिलंच.

कान्छीने डोको उचलला असेल.