मारुतरावांच्या गुडघ्यासाठी

३ सप्टेंबर

टक, टकटक. टक, टकटक. पहाटे जाग आली ती गुरुजींच्या छडीने. टेबलावर छडी वाजायची आणि आम्ही पोरं भुजंगप्रयात म्हणायचो — लगागा, लगागा. रहाटणीच्या त्या शाळेच्या जागी आता पार्किंग आहे. छडी मात्र उशीत वाजते. छातीचीच धडधड असावी.

४ सप्टेंबर

रिपोर्ट घेऊन डॉक्टरणीकडे. बरोबर सूनबाई, तनुजा. डॉक्टरीण म्हणाली, "आजोबा, रोज एक गोळी. कोलेस्टेरॉल उतरेल, शिवाय रक्तवाहिन्यांच्या आतली सूजही कमी होते."

सूज! पुढचं ऐकलंच नाही. डोळ्यांपुढे मारुतरावांचा सुजलेला गुडघा.

५ सप्टेंबर

मारुतरावांच्या ओट्यावर गेलो. शाळेत एका बाकावर होतो. मी कवितेची ओळ म्हणायची, पुढची त्यांनी. गुडघा सुजल्यापासून बागेत येत नाहीत. माझ्या ओळी अर्ध्याच राहतात.

गोळ्यांची पट्टी दिली. "सुजेवरची आहे."

"तुला नको व्हय, कवी?"

"माझी लय बरोबर आहे."

"मग दे. छातीची पिवळी गोळी घेतोच, तिच्यासंगं हीबी."

१३ सप्टेंबर

मारुतराव बागेत आले! काठी टेकत, पण आले. गुलमोहराखाली बसून दोघांनी अख्खी कविता म्हटली. शेजारच्या बाकावरची पोरगी कानातले इअरफोन काढून ऐकत होती. वारा थेट शाळेच्या खिडकीतून आल्यासारखा.

१९ सप्टेंबर

तनुजा : "बाबा, गोळी घेतली?"

"घेतली." तसं खोटं नाही. कुणीतरी घेतलीच.

दुसरी पट्टीही पोचवली.

२७ सप्टेंबर

मारुतराव मांड्या ठणकतात म्हणाले. "एवढ्या दिवसांनी चालताय राव, दुखणारच," मी म्हणालो. आज ओळ त्यांनी मध्येच सोडली. पुढची मीच म्हटली. एकट्याचा आवाज किती बारीक येतो.

३० सप्टेंबर

बागेत आले नाहीत. उद्या जाईन ओट्यावर.

१ ऑक्टोबर

सकाळीच बेल. दारात छबूबाई, मारुतरावांच्या घरच्या. लिफ्टला भितात, आमच्या बिल्डिंगची पायरी कधी चढल्या नाहीत. आज चार मजले चढून आल्या. धाप लागलेली.

"भावजी, यांना काल दवाखान्यात घातलंय. उठताच येईना. लघवी चहासारखी काळी. डॉक्टर म्हणतात, एकच औषध दोन नावांनी खाल्लंय, डबल झालं. दुसरी गोळी कुणी दिली, कधीपास्नं, इचारतात. हे तोंड उघडंनात. म्हणतात, कवीचं नाव न्हाई घ्यायचं."

तनुजा रिक्षा बघायला खाली गेलीय. छबूबाई आत यायला तयार नाहीत, उंबऱ्याबाहेरच उभ्या आहेत. नाव मीच सांगणार आहे.