पाकिटाची मागची बाजू

१० नोव्हेंबर, रविवार

"बायांनो, तुमचा नवरा शुद्धीवर असताना तुम्हाला शेवटचा कधी भेटला?"

वंदना संपल्यावर विहारात आज इथूनच सुरुवात केली. मागच्या रांगेतल्या एकीने पदराने नाक पुसलं, तेव्हा कळलं – लागलं! वीस वर्षं विक्रोळीत दारूवर बोलतेय. कुठल्या वाक्याला कुठली मान खाली जाते हे आता पाठ झालंय.

पण शेवटी एक जण उभा राहिला. किरण. माझाच धाकटा भाऊ. दारू सोडून नऊ महिने झालेत त्याला. म्हणाला, "ताई, दारू सुटली. तिच्याबरोबर माणसंपण सुटली, त्याचं काय? सात ते नऊ मी जाऊ कुठे?"

"वाचनालयात," मी म्हणाले. लोक हसले. तोही हसला. ते हसणं घरी येईपर्यंत डोक्यात होतं.

१३ नोव्हेंबर

किरणचा प्रश्न पाठ सोडत नाही. दारू सोडलेल्यांना संध्याकाळी एकत्र बसवायला आपण आजवर काय काय करून बघितलं ते आठवत बसले.

कोकम सरबत, ताक – "हळदीकुंकवाला आलोय काय आपण?" असं त्यांच्यातलाच भीमराज म्हणाला आणि पोरं उठून गेली. एनर्जी ड्रिंकचे डबे आणले. त्याच भीमराजची छाती पहाटेपर्यंत धडधडत होती, त्याची बायको मला शिव्या घालत होती. मग उन्हाळ्यात ती शून्य टक्के बिअर. किरणने ग्लास तोंडाशी नेला, फेसाचा वास घेतला, खाली ठेवला आणि अर्धा तास रस्त्यावर जाऊन उभा राहिला. "वास तोच आहे गं." एवढंच बोलला. त्या दिवशी तो थोडक्यात वाचला.

आम्ही बायका तांदूळ निवडता निवडता पोटातलं बोलून टाकतो. हातात सूप असलं की पुरे. पुरुषांना घशाखाली काहीतरी गेल्याशिवाय बोलताच येत नाही. त्यांना गुंगीच हवी असते असं नाही. पण काही न घेता दुसऱ्या माणसासमोर बसायची भीती वाटते त्यांना. हे मी कधी व्यासपीठावरून बोलले नाही. टाळ्या मिळणार नाहीत म्हणून?

१७ नोव्हेंबर

देवेश नावाचा मुलगा भेटायला आला. मरोळला औद्योगिक वसाहतीत त्याचा छोटा गाळा आहे. फार अदबीने बोलतो. कुठल्याशा दूरच्या बेटांवरच्या मुळाची पूड, पाकिटात भरलेली. पाण्यात कालवून प्यायची. "मित्राताई, दारू शून्य. सगळं झाडाचं." तुमच्या कार्यक्रमाला खोके फुकट देतो म्हणाला.

दोन तास त्या बेटांवर वाचलं. तिथली माणसं गावसभेला गोल करून बसतात, एकाच भांड्यातून हे पितात, भांडणं मिटवतात. वाचताना अंगावर काटा आला. दारूशिवाय बसणारा एक अख्खा समाज!

एक पाकीट घेऊन पाहिलं. चव चिखलाची. जीभ बधिर झाली. मग खांदे आपोआप खाली आले. कितीतरी वर्षांनी.

२४ नोव्हेंबर, रविवार

झालं! वंदना, पंचशील, आणि मग लगेच स्टीलच्या ग्लासांतून सगळ्यांना वाटलं. नशेपासून दूर राहायचं पाचवं शील घेतलं आणि तोच ग्लास उचलला – याहून शुद्ध काय असणार?

सव्वीस पुरुष तासभर बसले. शिवीगाळ नाही, आरडाओरडा नाही. भीमराज त्याच्या बापाबद्दल बोलला आणि रडला. किरण मनापासून हसला, शाळेत असताना हसायचा तसा. मी पाकीट वर धरलं आणि म्हणाले, "दारू मोजून प्याल तरी मराल. हे कितीही प्या, शुद्ध जाणार नाही!" केवढ्या टाळ्या. जाताना ज्याला हवी त्याने खोक्यातून हवी तेवढी पाकिटं घरी नेली.

एकट्या सुंदराबाईंनी ग्लास घेतला नाही. तीस वर्षं कंपनीच्या कॅन्टीनमध्ये काढलेली बाई, विहारातली सगळ्यांत वयस्कर.

७ डिसेंबर

काल दादर. दिवसभर उभी. पुस्तकांच्या स्टॉलजवळ दोनदा बोलायला लावलं. आधी एकेक पाकीट घेतलं. हात थरथरत नाहीत, शब्द अडत नाहीत. विशीत जसा आवाज लागायचा तसा लागला.

१५ डिसेंबर

किरणला जेवण जात नाही. ॲसिडिटी म्हणतो.

२४ डिसेंबर

सकाळी श्रुतिकाचा फोन. किरणची बायको. "ताई, यांचे डोळे पिवळे झालेत. पुन्हा सुरू केलंय यांनी."

धावत गेले. तो पलंगावर बसलेला, डोळे हळकुंडासारखे. मी काय केलं? त्याचं तोंड हुंगलं. बायकोसमोर, चाळिशीतल्या माणसाचं. वास नव्हता. तरी म्हणाले, "कुठे लपवलीस?" कपाट उघडलं, गादी उचलली. तो हललाही नाही.

"ताई, एक थेंब नाही."

मी विश्वास ठेवला नाही. आयुष्यभर हेच वाक्य ऐकलंय – आधी बापाकडून, मग नवऱ्याकडून. दोघेही हेच म्हणत गेले.

२६ डिसेंबर

सरकारी रुग्णालय. डॉक्टरांनी विचारलं, काय घेता? दारू नाही म्हटल्यावर ते श्रुतिकाकडे बघू लागले. तिने मान फिरवली. मग डॉक्टरांनी दुसऱ्या तऱ्हेने विचारलं – औषध, काढा, पूड, काहीही?

"ते पाकीट घेतो फक्त," किरण म्हणाला. "रोज पाच-सहा."

"पाच-सहा?" मी ओरडलेच.

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. "तूच म्हणालीस ना, कितीही प्या."

डॉक्टर शांतपणे म्हणाले, यकृत दारूने आधीच जायबंदी आहे. याच पुडीने झालं असं आज लिहून देणार नाही, पण या मुळाने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आजपासून बंद. पुढचे दहा दिवस महत्त्वाचे. सुधारलं तर सुधारेल. नाही सुधारलं तर काय, ते त्यांनी मला बाहेर नेऊन सांगितलं. इथे लिहिणार नाही.

२७ डिसेंबर

पाकिटाची मागची बाजू वाचली. चष्मा लावून, खिडकीशी उभं राहून. मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं. यकृताचा विकार असल्यास घेऊ नये. मद्याचं व्यसन असल्यास डॉक्टरांना विचारावं. दिवसाला एकच.

त्या बेटांचा इतिहास वाचला मी, गावसभांची वर्णनं वाचली. घरात भिंतभर पुस्तकं आहेत. आणि हातातल्या पाकिटाच्या चार ओळी वाचल्या नाहीत. देवेशनेही सांगितल्या नाहीत. पण व्यासपीठावर देवेश उभा नव्हता.

उरलेला खोका फोडून सगळं मोरीत ओतलं. पर्समधली दोन राहू दिली. एकतीस तारखेला बोलायचंय.

३१ डिसेंबर

मैदानात संध्याकाळी पाच वाजता 'दारूविना वर्षअखेर'. तीनशे तरी माणसं. चढण्याआधी एक पाकीट घेतलं. दारूच्या दुकानांवर तुटून पडले, परवाने देणाऱ्यांवर तुटून पडले. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

पुडीबद्दल एक शब्द काढला नाही. किरणबद्दल कुणी विचारलं तर "कावीळ झालीय" म्हणाले. खोटं कुठे होतं?

समोर भीमराज बसला होता. शर्टाच्या खिशातून पाकिटाचं टोक दिसत होतं. मी ते पाहिलं. आणि बोलत राहिले.

१ जानेवारी

सुंदराबाई घरी आल्या. बसल्या नाहीत, दारातच उभ्या.

"मित्रा, माझा सासरा हातभट्टी लावायचा. गिऱ्हाइकाला सांगायचा, नुसता गूळ नि मोहाची फुलं, झाडाचंच आहे सगळं. तीन माणसांचे डोळे गेले."

मी म्हणाले, मला कुठे ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "शीलात बाटलीचं नाव नाही बाई. बेसावध करील ते घेऊ नका, असं आहे. लोकांना ते पाजलंस त्या दिवशी तू सावध होतीस का?"

थांबून पुन्हा म्हणाल्या, "ते सोड. काल होतीस का?"

चहासुद्धा न घेता गेल्या.

५ जानेवारी, रविवार

पाकीट न घेता बोलले. पर्समधलं शेवटचं सकाळी मोरीत रिकामं केलं. जीभ कोरडी पडली होती. माईक दोन्ही हातांनी धरला, तरी हलत होता. लाज वाटत होती म्हणून असेल.

म्हणाले – या विहारात, शील घेतल्यावर, मी तुमच्या हातात ग्लास दिला. न वाचता दिला. माझा भाऊ रुग्णालयात आहे, तो दारूने नाही, माझ्या शब्दाने. त्याने थेंबभर घेतलेली नाही आणि मी त्याचं तोंड हुंगलं. श्रुतिका दाराशी उभी होती. ती रडली नाही, खाली बसली.

टाळ्या नाहीत. कुणीतरी मागून म्हणालं, "मग आता प्यायचं काय?" मी म्हणाले, मला माहीत नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा तिथून हे वाक्य बोलले. "नुसते बसून बघू. पाणी घेऊन. जमेल की नाही ते बघू."

मग एवढंच सांगितलं – ज्यांनी माझ्या सांगण्यावरून ती पूड एकदा जरी घेतली असेल, त्यांनी गुरुवारी सकाळी नऊ वाजता नाक्यावरच्या दवाखान्यात या. उपाशीपोटी या. यकृताची तपासणी करून घ्या. आणि खिशातली पाकिटं आत्ता, इथे, माझ्यासमोर काढा.

भीमराज पहिला उठला.

९ जानेवारी, गुरुवार

एकोणीस जण आले. किरणही आला. परवाच घरी सोडलंय, डोळ्यांतला पिवळेपणा उतरतोय. माझी पर्स धरून बाकावर बसला होता.

यादीत पहिलं नाव माझं. सिस्टरने विचारलं, रोज घेत होता का? म्हटलं, छे, फक्त भाषणाआधी.

दंडाला पट्टा बांधताना माझा हात इतका थरथरत होता की तिला तो दाबून धरावा लागला. शेवटचं पाकीट घेऊन नऊ दिवस झालेत.

किरण उठून जवळ आला. हातावर हात ठेवला. हळूच म्हणाला, "मीपण आधी फक्त रविवारीच घ्यायचो, ताई."