उलटी बसलेली क्लच प्लेट

बाबा, तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली. आई म्हणते, मेलेल्या माणसाशी काय भांडायचं. मी भांडतो. वाडीतल्या आपल्या गॅरेजात गाडीखाली आडवा पडलो की हटकून भांडतो.

मी कॉलेज अर्ध्यात सोडून तुमच्या हाताखाली आलो होतो, आणि जिच्यापायी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, तिच्याच वडिलांची गाडी क्लचच्या कामाला आली. मी म्हटलं, हे काम मी एकटा करणार. पोरगा कामाचा आहे एवढं त्या माणसाला दिसायला हवं होतं. गिअरबॉक्स खाली घेतला, नवी क्लच प्लेट बसवली. उलटी. फुगीर बाजू गिअरबॉक्सकडे हवी, ती मी इंजिनाकडे केली. तुम्ही शेजारी स्टुलावर चहा पीत होतात. तुम्ही पाहिलंत. आणि शेवटचा बोल्ट आवळेपर्यंत गप्प बसलात.

संध्याकाळी ते आले, सोबत ती. मी रुबाबात चावी दिली. त्यांनी क्लच दाबला, पण गिअर काही पडेना, नुसती करकर. ते हसले, "काहून गा, कॉलेज सोडून हेच शिकून राहिला का?" ती मोबाइलमध्ये बघत राहिली. तुम्ही कप खाली ठेवलात.

"उतरव बे पुन्हा. प्लेट उलटी हाये."

"तुम्हाले माहीत होतं?"

"मंग? सांगतलं असतं तं उद्या विसरला असता."

नाही विसरलो. आता प्लेट हातात घेतली की अंगठा आधी फुगीर बाजू चाचपतो. पण शिकवायला तुम्हाला तोच दिवस सापडला? दुसऱ्या कुणाची गाडी आलीच नसती का? पोराची इज्जत जात असताना तो चहा घशाखाली उतरला कसा तुमच्या?

माझ्या बापानं माझं जमणारं मोडलं, असं मी सगळ्यांना सांगत आलोय. हे काही तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून लिहितो. तिचा नकार त्याच दिवशी सकाळी मोबाइलवर आला होता. तिच्या वडिलांना आवडलो तर ती फिरेल, असं वाटत होतं. हातात प्लेट होती आणि डोळ्यांपुढे तिची ती एक ओळ.

तिच्यावर मला अजूनही रागावता येत नाही. तुमच्यावर येतं.