एका शिंकेची शोकसभा

ती. वन्संना,

साष्टांग नमस्कार. (गुडघा वाकत नाही म्हणून निम्माच घातला आहे. उरलेला भेटीत घालीन, तेव्हा मला उठवायची जबाबदारी तुमची.) तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे ऐकून जीव भांड्यात पडला. थेंब दिवसातून चार वेळा घालायचे आहेत, ते सूनबाईंना घालू द्यावेत, आणि ती घालत असताना थेंब कसे घालतात हे तिला शिकवू नये. पत्र मुद्दाम टपोऱ्या अक्षरांत लिहिते आहे. तरी भाचाच वाचून दाखवत असेल तर त्याला सांगा, कंसातलं मनात वाचायचं. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मला एक वाक्य पुरं करू देत नाही, आणि शोकसभेच्या हकिकतीत वाक्यं पुष्कळ आहेत.

तर तुमच्या बंधूंना जाऊन चार महिने झाल्यावर स्टुडिओला त्यांची आठवण झाली. व्यवस्थापक घरी आले, सोफ्याच्या कडेवर बसले (ज्यांना लवकर उठायचं असतं ते तिथेच बसतात) आणि म्हणाले, "वहिनी, कानसाहेबांची शोकसभा ठेवतो आहोत." स्टुडिओत ह्यांना कानसाहेब म्हणत हे तुम्हाला ठाऊकच आहे. घरी मी हाक मारली की ह्याच कानांना ऐकू येत नसे, हेही ठाऊक आहे. व्यवस्थापकांचं म्हणणं असं की भाषणं काय, सगळ्यांचीच होतात, पण ज्याने सगळ्यांचे आवाज टिपले त्याचा स्वतःचा आवाज दोन मिनिटं ऐकवावा. मी म्हटलं, कपाटात टेपांचे दोनशे चौदा डबे आहेत, घेऊन जा. त्यांनी कपाटाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "तुम्हीच निवडा. तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखतं?" कामं वाटून देण्यात हा माणूस पहिल्यापासून हुशार.

मला वाटलं, सोपं आहे. जो माणूस छत्तीस वर्षं रोज टेपच्या मशीनपुढे बसला त्याचा आवाज टेपवर नसेल तर कोणाचा असेल? अडचण मशीनची होती. ते मशीन ह्यांनी मला पुसायलासुद्धा कधी दिलं नाही. मग त्याचं माहितीपुस्तक काढलं. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पुढचं सगळं ह्यांनी स्टुडिओतून आणलेल्या नाटकांच्या रद्दी कागदांवर. मागची बाजू कोरी म्हणून हे सामानाच्या याद्या लिहायला आणत आणि मी छापील बाजू वाचत बसे. पानं कधी सलग नसत. त्यामुळे गोष्टीतला माणूस अकराव्या पानावर वारला आणि सतराव्या पानावर चहा पीत बसला, तरी मला त्यात काही वावगं वाटत नाही. माहितीपुस्तकाची पानं मात्र सगळी जागच्या जागी होती, म्हणून जरा कंटाळवाणं वाटलं. तीनदा वाचलं आणि मशीन सुरू केलं.

वन्सं, तीन आठवडे रोज दुपारी मी ऐकत होते. भांडी तशीच, कपडे तसेच. त्या डब्यांत जगातलं सगळं निघालं. बातम्या देणारे निघाले, भाषणं ठोकणारे निघाले, एकच ओळ अकरा वेळा चुकणारी गायिका निघाली (बाई अजून गातात, म्हणून जास्त लिहीत नाही). आपले हे तेवढे कुठेच नाहीत. "तयार?" "चालू." "पुन्हा एकदा." एवढंच तर ते दिवसभर बोलत, आणि तेवढंही त्यांनी ब्लेडने कापून काढलेलं! नेमक्या त्या जागी टेपला चिकटपट्टीचा सांधा. ते म्हणत, टेपवर रेकॉर्डिस्टचा आवाज राहणं म्हणजे शिंप्याने कोटात सुई विसरणं. काय सांगू, दोनशे चौदा डबे आणि एक सुई नाही. नीटनेटकेपणाचं मला फार कौतुक होतं, पण एवढा नीटनेटका नवरा असू नये.

खरं सांगायचं तर तिसऱ्या डब्यानंतर मी काही शोकसभेसाठी ऐकत नव्हते. त्यांचा चेहरा अजून डोळे मिटले की येतो. आवाज मात्र हल्ली बोलवावा लागतो, आणि कधी बोलावलं तरी येत नाही. चार महिन्यांत ही गत, तर चार वर्षांनी काय, असं मनात येई आणि मी पुढचा डबा उघडे.

प्रत्येक डब्यात एक गोष्ट मात्र हमखास होती, ती म्हणजे एक मिनिट काहीच नाही. हे तुम्हाला माहीत नसेल. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या आधी हे सगळ्यांना जागच्या जागी बसवून ठेवत, कोणी हलायचं नाही, बोलायचं नाही, आणि मिनिटभर नुसती रिकामी खोली टिपून घेत. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते म्हणे, आणि टेप कापून जोडताना मध्ये त्याच खोलीची शांतता घालावी लागते, नाहीतर कानाला ठेच लागते. मिनिट संपलं की हे काचेमागून "झालं" म्हणत आणि मग लोक श्वास घेत. हा "झालं"ही अर्थात कापलेला. डब्यांवर चिठ्ठ्या होत्या, 'रिकामी खोली, एक नंबर, पंखा बंद', 'रिकामी खोली, दोन नंबर, व्हायोलिनवाल्यांचं जेवण राहिलं आहे'. (हा डबा मी ऐकला. खरंच राहिलं होतं.) लग्नानंतर पहिली दोन वर्षं हे माझ्याशी फार बोलत नसत, तेव्हा मला वाटायचं ह्यांना मी आवडले नाही. आता वाटतं, तेव्हा ते घरची खोली ऐकत असावेत.

एकशे त्रेसष्टाव्या डब्यात शिंक सापडली. चिठ्ठी अशी, 'रिकामी खोली, दोन नंबर, दार नीट लागत नाही, खराब'. चाळीस सेकंद शांतता आणि मग एकच शिंक, मोठी, शेवटी जरा वर चढणारी. वन्सं, मी ती शिंक इतक्या वेळा ऐकली की चहा उतू जाऊन गॅस विझला. दुसऱ्या दिवशी डबा पिशवीत घालून मी थेट स्टुडिओत.

तिथे ह्यांचा उजवा हात असतो. (बावीस वर्षं हाताखाली काम केलं म्हणून हे नाव पडलं. प्रत्यक्षात तो डावखुरा आहे.) त्याने मोठ्या स्पीकरवर शिंक लावली, डोळे मिटून ऐकली आणि म्हणाला, "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका, पण ही शिंक काचेच्या पलीकडची आहे. कानसाहेब काचेच्या अलीकडे बसायचे. बटण दाबून बोललं तरच इथला आवाज आत जातो, आणि शिंकताना बटण कोण दाबतं?" हळूहळू स्टुडिओतले सातही रेकॉर्डिस्ट जमले. एक म्हणाला, शिंकणाऱ्याची उंची कमी आहे. दुसरा म्हणाला, उंची बरोबर आहे पण तो खाली वाकलेला आहे. तिसऱ्याच्या मते शिंका दोन होत्या. मग व्हायोलिनवाल्यांना बोलावणं गेलं. त्यांनी मान डोलावत ऐकली, पुन्हा लावायला सांगितली आणि म्हणाले, "माझीच. त्या काळात मी असा शिंकत असे." वर एक प्रत मागितली.

मी म्हटलं, "अहो, छत्तीस वर्षं मी ह्या शिंकेला 'स्वेटर घाला' म्हटलंय. मला नका सांगू." आणि चिठ्ठी दाखवली, दार नीट लागत नाही. मग दार धरायला आत कोण गेलं असेल? दुसऱ्या कोणाकडून ह्यांनी ते काम करून घेतलं असतं का? ह्यावर उजवा हात चिठ्ठी पुन्हा वाचून म्हणाला, "मुद्दा आहे." शेवटी मतं घेतली. तिघे माझ्या बाजूने, तिघे व्हायोलिनच्या, आणि सातवा अजून दोन शिंकांवर ठाम. व्यवस्थापक म्हणाले, "वहिनी, ती त्यांची असली तरी शोकसभेत शिंक कशी ऐकवणार? लोक हसतील." मी म्हटलं, "हसू देत की." पण नाहीच.

सभा दोन नंबरच्या खोलीतच झाली. फोटोत हे मशीनमागून अर्धे दिसत होते, दुसरा फोटो कोणाकडे नाही. व्यवस्थापक बोलायला उभे राहिले आणि माईकने शिट्टी मारली. आता विचार करा, खोलीत सात रेकॉर्डिस्ट! सातही जण एकदम उठले. एकाने माईक डावीकडे सरकवला, दुसऱ्याने परत उजवीकडे, तिसऱ्याने वायर बदलली, चौथ्याने ती कोणी बदलली म्हणून विचारलं. "तुझ्यामुळे वाजतंय." "मी हात तरी लावलाय का?" "कानसाहेब असते तर तुला बाहेर काढलं असतं." "आधी तुला काढलं असतं, तुझे बूट वाजतात!" वीस मिनिटांत शिट्टी गेली आणि तिच्याबरोबर आवाजही गेला. मग सगळी भाषणं तशीच झाली. तिसऱ्या रांगेपलीकडे कोणाला काही कळलं नाही. गायिका बाई रडत रडत काहीतरी छान बोलल्या असाव्यात. मी पहिल्या रांगेत होते, पण उजव्या हाताने तेवढ्यात माझ्या कानाशी खुलासा केला की दोष वायरीचाच होता.

शेवटी व्यवस्थापक म्हणाले, आता एक मिनिट शांतता पाळू. आणि वन्सं, ही मंडळी जी बसली! अशी शांतता तुम्ही कुठल्या शोकसभेत पाहिली नसेल. कोणी खोकलं नाही, खुर्ची वाजली नाही. एकाने बोटाने खूण करून पंखा बंद करायला लावला. व्हायोलिनवाल्यांनी पोटावर हात धरला. मिनिट झालं, दोन झाली, तीन झाली. घड्याळ माझ्या समोरच होतं. कोणी हलेना. व्यवस्थापक इकडे तिकडे बघायला लागले, पण त्यांनाही बोलायचा धीर होईना. मला आधी वाटलं, किती हे प्रेम! मग लक्षात आलं, ते सगळे काचेकडे बघत होते. तिकडून कोणी "झालं" म्हणेपर्यंत ह्या खोलीत हलायचं नाही, ही त्यांची आयुष्यभराची सवय, आणि काचेमागे कोणी नव्हतं. चौथ्या मिनिटाला उजव्या हाताचे खांदे हलायला लागले, तरी आवाज नाही केला पठ्ठ्याने.

मग मीच म्हटलं, "झालं."

सगळ्यांनी श्वास घेतला. चहा बरा होता.

तर अशी ही सभा. ह्यांचा आवाज काही सापडला नाही, शिंक वादात अडकली, आणि आता तो नादही मी सोडून दिला आहे. डबे पुन्हा कपाटात लावले. माझी काळजी करू नये. जेवते, झोपते, वाचते. (हल्ली पुस्तकं सलग पानांची आणते.) मला कशाची गरज नाही आणि तुमच्याकडे काही मागणंही नाही. मुलांना आशीर्वाद.

तुमची, जमेल तेव्हा आज्ञेत राहणारी,
वहिनी

ता. क. भाचा परवा भेटला तेव्हा सांगत होता की तुम्ही त्याच्याकडे राहायला आल्यापासून तुमच्या बंद घरी मुके फोन येतात, फोनच्या निरोप टिपणाऱ्या यंत्रावर एक्केचाळीस निरोप आहेत आणि एकातही कोणी बोलत नाही. चोर घर रिकामं आहे का ते बघतात असं त्याचं मत आहे, आणि तो कुलूप बदलणार आहे. त्याला म्हणावं, कुलूप राहू दे. ते फोन माझे.

आणखी ता. क. सभा झाली त्या संध्याकाळी तुम्हाला हकीकत सांगावी म्हणून फोन लावला. तुम्ही ऑपरेशनसाठी मुलाकडे गेल्या आहात हे विसरलेच. पाच घंटा वाजल्या आणि हे बोलले. "आत्ता घरात कोणी नाही. काय असेल ते सावकाश सांगा. घाई नाही." आठ वर्षांपूर्वी ते यंत्र घेतलं तेव्हा तुम्ही त्यात बोलायला तयार नव्हता, म्हणून ह्यांनी बोलून दिलं होतं. त्या यंत्रात ब्लेड चालत नाही. मी सावकाश सांगणार होते, पण त्या दिवशी तोंडातून शब्द फुटला नाही. नंतरच्या चाळीस वेळा मी सांगायचा प्रयत्नच केला नाही.

शेवटचा ता. क. तुम्ही रविवारी आपल्या घरी परत जाणार, आणि तुम्ही फोन दुसऱ्या घंटेला उचलता. भाचा म्हणतो, असली यंत्रं हल्ली कोणी ठेवत नाही, काढून टाकू. त्याला हात लावू देऊ नये. आणि दर मंगळवारी दुपारी चार वाजता फोन वाजेल, तो कृपा करून उचलू नये. तुम्हाला जड जाईल, मला कल्पना आहे. हवं तर शेजारी बसून ऐका, भाऊ तुमचाही आहे. फक्त एखाद्या मंगळवारी फोन वाजलाच नाही, तर मात्र तुम्ही मला करा. मी पहिल्या घंटेला उचलीन, आणि तुम्हाला वाक्य पुरं करू देईन.