एका बोटाचा नमस्कार

ऑस्टमार्क, नेब्रास्का
९ सप्टेंबर

चि. जोलीन हिस,
अ. उ. आ.

देवाच्या कृपेने आम्ही सारे सुखरूप आहोत. तुम्हा उभयतांची खुशाली कळवत जा. फोनवर बाबा ‘बरं आहे’ यापलीकडे काही सांगत नाहीत आणि मलाही फोनवर धड बोलता येत नाही. तेव्हा आईने लावलेली ही पत्रांची सवयच बरी.

बाबांचा खुबा सांधला. काठी घेऊन चालायला आणि गाडी चालवायलाही डॉक्टरांनी परवानगी दिली. गाडीत चढायची परवानगी मात्र गाडीने दिलेली नाही. गेल्या वर्षी घेतलेला तो पांढरा पिकअप तू पाहिलेला नाहीस. त्याचं बॉनेट माझ्या छातीला लागतं. सीटवर पोचायला आधी पायरी, मग दांडा, मग परमेश्वराचं नाव. आई गाईचं दूध काढायला बसायची ते स्टूल मी दाराशी ठेवलं. बाबा चढले छान. उतरताना वरून स्टूल दिसेना, म्हणून हॉर्न वाजवत बसले. तुझ्या गेलिनवहिनीला वाटलं, शेजारी कुणाच्या लग्नाची वरात निघाली. त्या दिवसापासून त्यांनी गाडीचं नाव टाकलंय.

एवढी उंच गाडी घेतली कशाला, असं तू विचारशील. बाबांना ओढायचं असतं काय? जाताना स्वतःला आणि येताना कुत्र्याच्या खाण्याची पिशवी. पण आपल्या गावात गाडी कामासाठी घेत नाहीत. काम निघालंच तर असावी म्हणून घेतात. बाबांची तीन टन ओढते म्हटल्यावर शेजारच्या वर्लिनकाकांनी लगेच साडेतीन टनांची आणली. रविवारी चर्चच्या अंगणात उभ्या गाड्या बघितल्या, की वाटतं, प्रार्थना संपल्यावर सगळे मिळून चर्चच ओढून नेणार आहेत.

थट्टा पुरे. काळजी ही, की सकाळी सातला शेतकऱ्यांच्या सोसायटीत धान्याच्या काट्याशेजारी म्हातारे कॉफीला जमतात, आणि आई गेल्यापासून बाबांचा सगळा दिवस त्या एका तासावर उभा आहे. तिथे गेले नाहीत की दुपारी जेवत नाहीत. महिनाभरात सदरे खांद्यावरून ओघळायला लागलेत. मी सोडतो म्हटलं तर म्हणाले, पोरानं आणून सोडलेला म्हातारा आणि टपालानं आलेलं पार्सल यांत फरक नसतो.

काही सुचतं का बघ.

कळावे. लोभ आहेच, पोर्टलंडच्या महागाईत तो आटू देऊ नये.

तुझा दादा,
आर्डन

पोर्टलंड
१६ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी नीलला वाचून दाखवलं. माझा नवरा सहसा हसत नाही, पण हॉर्नपाशी त्याला पाणी पाजावं लागलं.

उपाय आहे. आमच्या शेजारणीच्या नवऱ्याचा जुना, छोटा जपानी पिकअप पडून आहे. सीट बाबांच्या खुर्चीएवढ्याच उंचीवर. पाठ वळवायची आणि बसायचं. नील पुढच्या आठवड्यात कामासाठी ओमाहाला येतोच आहे, तो चालवत आणील. ‘परदेशी’ म्हणून बाबा नाक मुरडतील, तेव्हा दारावरची पट्टी वाचून दाखव. गाडी टेनेसीत जुळवलेली आहे. त्याच हाताने पांढऱ्या गाडीच्या दारावर काय लिहिलंय तेही वाच.

आपल्याच गाड्या का खपतात, याची आणखी एक गोष्ट ऐक. साठ वर्षांपूर्वी युरोपवाल्यांनी आपल्या कोंबड्यांवर कर लावला. आपल्या सरकारला राग आला, तो त्यांनी बाहेरून येणाऱ्या मालवाहू गाड्यांवर शेकडा पंचवीस कर लावून काढला. भांडण विझलं, त्या कोंबड्याही कधीच्या खाऊन झाल्या. कर अजून जागेवर आहे. बाहेरचा पिकअप वाईट असतो म्हणून येत नाही असं नव्हे, बाबांना म्हणावं, वाटेत कोंबडी आडवी येते. आणि कोंबडी न कळणाऱ्यांसाठी जाहिरात असते. तिच्यात गाडी डोंगराच्या शेंड्यावर उभी असते. आमच्याकडे ती वाण्याच्या दारात दोन जागा अडवून उभी असते.

बाबांनी जेवलं पाहिजे, दादा. बाकी काहीही चालेल.

वहिनीला नमस्कार. लोभ असावा, उंची बेताची असावी.

तुझी,
जोलीन

ऑस्टमार्क
६ ऑक्टोबर

चि. जोलीन हिस,
अ. उ. आ.

गाडी पोचली. बाबांनी तिच्याभोवती काठी टेकत एक फेरी घातली आणि उरलेली गाडी कधी येणार, असं नीलला विचारलं. मी दोन्ही पट्ट्या वाचून दाखवल्या. पांढरी मेक्सिकोत जुळवलेली निघाली. बाबा म्हणाले, मेक्सिको निदान शेजारी तरी आहे, टेनेसीवाल्यांची खात्री त्यांना कधीच नव्हती. तरी बसले. कुणाच्या हाताला न धरता बसले, आणि त्यांचा चेहराच पालटला. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले. जरा घाईच झाली.

सोमवारी सोसायटीला निघाले ते कॉफी न पिताच परत आले. काय झालं ते सांगेनात. संध्याकाळी गेलिनने काढून घेतलं. वाटेत कॉफीच्या कंपूतला डेलमर भेटला, शाळेची बस भेटली, पाद्रीबाई भेटल्या, खुद्द वर्लिनकाका भेटले. एकाचंही बोट उठलं नाही. तू शहरात राहून विसरली नसशील. समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं, हे आपल्याकडे कुणी शिकवत नाही. कुंपणावरून बाबा आणि वर्लिनकाका अबोला धरून होते, तेव्हासुद्धा बोटं उठत होती. बोलणं बंद होतं, बोट बंद नव्हतं. बाबा सोसायटीच्या फाटकातून मागे फिरले. गेलिनला म्हणाले, मी माझ्याच गावातून भुतासारखा जाऊन आलो, पुरल्यानंतरचा पहिला दिवस कसा असतो ते कळलं.

तेव्हापासून खिडकीत बसून आहेत. ताट तसंच परत येतं. जास्त लागलंय ते हे, की त्या कॉफीवाल्यांपैकी एकानेही अजून येऊन विचारपूस केलेली नाही. मला त्या लोकांचा राग येतो, आणि राग आला म्हणून मी प्रार्थना करतो, आणि प्रार्थनेत पुन्हा त्यांचीच नावं येतात.

पांढरी गाडी उभ्या उभ्या खराब व्हायची, म्हणून मी तीच रस्ते खात्यात कामावर नेतो. सोसायटीवरूनच जावं लागतं, पण त्या लोकांकडे थांबायची इच्छा होत नाही.

एक गोष्ट नम्रपणे लिहितो. चर्चच्या मंडळाचा अध्यक्ष झाल्यापासून गावाची माझ्याशी वागणूक बदलली आहे. पूर्वी एक बोट उठायचं. हल्ली दोन उठतात, काहींचा अख्खा पंजा. परवा डेलमरने तर दिवे लावून विझवले. गर्व हे पाप आहे हे मी जाणतो. पण मान आपण होऊन चालत आला तर तो नाकारणं हाही एक गर्वच, असं मनन चालू आहे.

कळावे. बाबांसाठी प्रार्थना कर, आणि तुमच्याकडे प्रार्थनेची पद्धत नसेल तर निदान काळजी तरी कर.

तुझा दादा,
आर्डन

पोर्टलंड
११ ऑक्टोबर

ती. अध्यक्षमहाराजांस,
सा. न. वि. वि.

तुझ्या नम्रतेला दोन्ही हात जोडून नमस्कार; एका बोटावर भागणार नाही.

दादा, तू सकाळी अंधारात दिवे लावून निघतोस. तुझं बॉनेट तूच छातीएवढं सांगतोस. समोरच्याला आतला माणूस दिसतो का? त्याला पांढरी गाडी दिसते. पांढरी गाडी म्हणजे एमरी हॅग्लंड. खुबा मोडून उठलेला म्हातारा पुन्हा रस्त्यावर आला म्हणून बिचारे दोन दोन बोटं उचलतायत, दिवे लावतायत. आणि छोट्या गाडीत बसलेले खरे एमरी हॅग्लंड कुणाच्या ओळखीचे नाहीत, कारण आपल्या गावाने माणूस कधी बघितलाच नाही, गाडीच बघितली. मग परदेशी गाडी तिथे कोण घेईल? स्वतःच्या गावात परका व्हायला कर वेगळा द्यावा लागत नाही.

विचारपूस करायला कोण येणार? त्यांच्या हिशेबी बाबा रोज त्यांना भेटतात. वर सोसायटीसमोरून रोज न थांबता जातात! तू आपल्याच बापाचे नमस्कार खात गावभर हिंडतोयस आणि बाप उपाशी बसलाय.

उतर त्या गाडीतून. आणि चारचौघांत सांग.

लोभ आहे, तो या पत्रानंतरही राहावा.

तुझी,
जोलीन

ऑस्टमार्क
२० ऑक्टोबर

चि. जोलीन हिस,
अ. उ. आ.

सांगितलं. प्रवचनानंतर पाद्रीबाई कुणासाठी प्रार्थना करायची ते विचारतात, तेव्हा मी उभा राहिलो आणि म्हणालो, माझ्या वडिलांसाठी करा, ते काही आठवडे झाले घराबाहेर पडलेले नाहीत. वर्लिनकाका बाकावरूनच म्हणाले, शक्य नाही, गुरुवारी पुलापाशी समोरून गेला की! डेलमर म्हणाला, मलाही भेटला, आणि असा जोरात हात केला की मी बायकोला म्हटलं, खुब्याबरोबर खांदाही नवा बसवलाय वाटतं. मग मला सांगावं लागलं, की तो हात माझा होता.

मग डेलमरची बायको हसली, मग पाद्रीबाई, मग सगळे. मनन चालू होतं ते देवाने आपणहून संपवलं.

तू म्हणालीस तसंच निघालं. एमरी रोज सोसायटीवरून ताठ मानेने जातो, खुबा सांधला तशी आमची कॉफी त्याला कडू झाली, असं म्हणत ते रुसून बसले होते. तो आल्याशिवाय आपण जायचं नाही, असं ठरलं होतं म्हणे. इकडे बाबा खिडकीत तेच ठरवून बसलेले.

संध्याकाळी आपलं अंगण गाड्यांनी असं भरलं, की मला माझी रस्त्यावर लावावी लागली. बायकांनी भाजलेल्या बटाट्या-मांसाची भांडी आणली. वर्लिनकाका दारात टोपी हातात घेऊन उभे राहिले आणि विचारते झाले, की म्हणजे हे कुंपणावरून नव्हतं तर? बाबा म्हणाले, खुब्यावरून होतं, गाढवा. मग सगळे जाऊन छोटी गाडी बघून आले. हिचं अंगावरचं दूध सुटलं का, असं कुणीतरी विचारलं. बाबा हसले नाहीत, पण दोनदा वाढून घेतलं.

तरी सोमवारी ते सोसायटीला गेले नाहीत. म्हणाले, आले ते आजारी माणसाला बघायला आले. आपण होऊन तिथे जाणं वेगळं. पांढरी मी गोठ्यात लावून टाकली आहे. माझ्या जुन्या गाडीला एकच बोट उठतं. तेवढं मला पुरतं.

कळावे. लोभ वाढवावा, माझी अक्कल वाढवायचं काम तू चालवलं आहेसच.

तुझा दादा,
आर्डन

ऑस्टमार्क
३ नोव्हेंबर

चि. जोलीन हिला बाबांचे आशीर्वाद.

आर्डनसारखं लांबलचक मला येत नाही. मी जातो आहे सोसायटीला, एवढंच कळवायचं होतं.

मागच्या मंगळवारी वर्लिन सकाळीच चालत आला. म्हणाला, माझी गाडी दुरुस्तीला दिलीय, मला सोड. त्याची गाडी त्याच्याच पत्र्याच्या शेडमागे उभी होती. ती इतकी उंच घेतलीय त्यानं, की शेडवरून टप दिसत होता. बस म्हटलं. त्याचा गुडघा माझ्या खुब्याहून वाईट आहे, पण कशाला न धरता बसला, आणि आवडलं ते लपवायचं विसरला. वाटेत जो भेटेल त्याला खिडकीतून हात काढून माझ्याकडे दाखवत होता, जसं काही मी जत्रेतलं बक्षिसाचं डुक्कर. सोसायटी येईपर्यंत गावाला गाडी पाठ झाली. आता लांबूनच बोटं उठतात.

तुझी कोंबड्यांची गोष्ट मी तिथे सांगितली. वर्लिन म्हणाला, कर आहे तो राहू दे. नाहीतर उद्या सगळे असलीच घेतील, मग तुला ओळखायचं कसं? डेलमरने मला बाजूला घेऊन विचारलं, की पोर्टलंडला अशी आणखी एक मिळेल का, मेव्हण्यासाठी हवीय. डेलमरला मेव्हणा नाही. बघून ठेव.

छोट्या गाडीत खाली बसल्यामुळे एक झालं. समोरच्या गाडीत कोण आहे ते मान वर करून बघावं लागतं. पन्नास वर्षं मी ज्यांच्यासाठी बोट उचलत आलो, त्यांतले कितीतरी जण म्हातारे झालेत. मला कुणी सांगितलं नव्हतं.

काल पांढरी गाडी समोरून आली. आर्डनला चर्चचं सरपण आणायचं होतं. मला वाटलं, कोणी ओळखीचा म्हातारा चाललाय. बोट उचललं, आणि मग ध्यानात आलं, की तो म्हातारा तर मी, आणि मी इकडे आहे. तेव्हा मान वर करून बघितलं. आत पोरगा होता. त्याच्यासाठी मग दुसऱ्यांदा उचललं.

नीलला आशीर्वाद. लोभ असू दे. दुपारी जेवतो.

तुझे,
बाबा