समोरच्या जिन्यावरून

११ फेब्रुवारी, रविवार
सकाळचे साडेनऊ

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. कंबर धरली आहे, म्हणून तो सध्या कागदावरच घालतो. भावजींचा गुडघा कसा आहे? चिंगी सासरी रुळली असेलच. ती कुठेही रुळेल, तोंड आहे तिला. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते टेबलावर तसंच ठेवून दिलं असशील. चार दिवसांनी का होईना, उघडलंस, बरं केलंस.

मी नोव्हेंबरात रिटायर झालो. वर्तमानपत्राच्या कचेरीत चहा झाला, भाषणं झाली, मला भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि स्टोअरकीपरने सही घेऊन मोठी झूम लेन्स परत घेतली. बत्तीस वर्षांत अशा तीन लेन्स झाल्या, खांदा मात्र एकच, त्यामुळे तो उजवीकडे कायमचा झुकला आहे. घड्याळ चांगलं चालतं. किती वाजले हे विचारणारं घरात दुसरं कोणी नाही, एवढंच. परवा पावाच्या दुकानात ‘एक छोटा’ म्हणायला गेलो तर आवाजच फुटेना. आदल्या दोन दिवसांत मी तोंड उघडलं नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं.

कॅमेरा माझा स्वतःचा आहे, पण लेन्सशिवाय कॅमेरा म्हणजे नुसता डबा. नवी घ्यावी की काय अशा विचारात होतो, आणि मग काखेत कळसा निघाला. आई गेल्यावर तू पाठवलेलं पार्सल तीन वर्षं कपाटाच्या तळाशी होतं. उघडलं नव्हतं. का, ते तुला ठाऊक आहे. आत तिचा चष्मा, शाल, आणि एका मोज्यात गुंडाळलेली माझी पहिली लेन्स. झूम मिळाल्यावर टाकाऊ म्हणून मीच ती घरी टाकून गेलो होतो. सोबत तुझी चिठ्ठी: ‘आई हिच्यातून औषधांच्या बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचायची. तुझी आहे, तुला.’ काचेवर एका अंगठ्याचा ठसा आहे. आईचा की तुझा, कळत नाही. आयुष्यभर लोकांना काच पुसण्यावरून झापत आलो, पण ही अजून पुसलेली नाही.

तुला यातलं फारसं कळत नाही असं तू म्हणायचीस, म्हणून सांगतो. झूमला एक कडं असतं. ते फिरवलं की लांबचा माणूस जागच्या जागी जवळ येतो. आपण हलायचं नाही. मैदानाच्या कडेला, सभेच्या मागे, कुठेही उभं राहा, कोणाला पत्ता लागत नाही. या लेन्सला ते कडंच नाही. जेवढं दिसतं तेवढंच दिसतं. चेहरा मोठा हवा असेल तर आपले पाय उचलायचे आणि दोन पावलांवर जाऊन उभं राहायचं.

पहिला आठवडा फजितीचा गेला. कोपऱ्यावर एक शिंपीणबाई दुकानाच्या पायरीवर मशीन टाकून बसतात. मी सवयीने रस्त्यापलीकडून त्यांचा फोटो घेतला. घरी येऊन बघतो तर रस्ता, खांब, दोन स्कूटर आणि बाई मुंगीएवढ्या. दुसऱ्या दिवशी अर्ध्या रस्त्यात थांबलो. तिसऱ्या दिवशी त्यांनीच मशीन थांबवलं.

‘‘अहो, तीन दिवस बघतेय. काय काम आहे?’’

‘‘फोटो काढायचा होता तुमचा.’’

‘‘मग या की इकडे. तिथून काय दिसणार, कपाळ?’’

गेलो. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. पंधरा मिनिटं बोललो, मुख्यतः माझ्या शर्टाच्या उसवलेल्या खिशाबद्दल. मग एकच फोटो घेतला. ताई, त्या फोटोत बाई माझ्याकडे बघताहेत. माझ्याकडे, कॅमेऱ्याकडे नाही. बत्तीस वर्षांतले माझे फोटो त्या संध्याकाळी मी संगणकावर एकेक करून बघितले. बक्षिसं मिळालेलेसुद्धा. एकाही फोटोत कोणी माझ्याकडे बघत नाही. मी तिथे आहे हे कोणाला माहीतच नव्हतं. दुरून डोंगर साजरे, आणि मी जन्मभर डोंगरच काढत बसलो.

ते बघता बघता एक फोल्डर उघडलं, त्यासाठी हे पत्र लिहितो आहे. इतका वेळ गुडघा आणि कंबर करत होतो, ते धीर येत नव्हता म्हणून.

चिंगीच्या लग्नाला मी आलो होतो.

हॉलसमोर दातांच्या डॉक्टरांची इमारत आहे ना, तिच्या पहिल्या मजल्याच्या जिन्याला खिडकी आहे. तिथे उभा होतो, इस्त्रीचे कपडे घालून. पत्रिकेवर तू एवढंच लिहिलं होतंस, ‘ये.’ रस्ता ओलांडायचा बाकी होता. पाय उचलेनात. म्हटलं आधी जरा बघू, आणि झूम लावली. त्रेचाळीस फोटो काढले आणि शेवटच्या बसने परत आलो.

कॅमेरा प्रत्येक फोटोवर वेळ टाकतो. दहा वाजून पाच मिनिटांनी तू फाटकात आलीस, डोळ्यांवर हात धरून रस्त्याच्या टोकाकडे बघितलंस. दहा बाराला पुन्हा. दहा वीसला भावजी तुला आत न्यायला आले, तू हात सोडवून घेतलास. अकरापर्यंत तू सात वेळा फाटकात आलीस, आणि सातही वेळा मी फोटो काढला. त्या दिवशी वाटलं, यजमानीण आहे, पाहुण्यांना घ्यायला येते आहे. पाहुणे तुझ्या शेजारून आत जात होते, तू त्यांच्याकडे बघतही नव्हतीस. तू माझी वाट बघत होतीस, आणि मी चाळीस पावलांवरून तुझ्या वाट बघण्याचे फोटो काढत होतो.

आईच्या वेळी तेच केलं. वॉर्डच्या दारात उभा राहिलो. आत यायची भीती वाटत होती. ती इतकी लहान झाली होती. म्हणून झूम लावली. तिने मला पाहिलं आणि हात पुढे केला. मी फोटो काढला. तू जे म्हणालीस ते अक्षर न् अक्षर लक्षात आहे: ‘‘तो हात धरायला होता रे.’’ मी तुझ्यावरच चिडून निघून गेलो, आणि दुसऱ्या दिवशी ती गेली. त्या दिवशी तो ‘तू काय मला शिकवतेस’ म्हणून ओरडला असता तरी चाललं असतं, असं तू नंतर चिंगीकडे म्हणालीस म्हणे. ओरडलो नाही, कारण तू बरोबर होतीस. हे सांगायला तीन वर्षं लागली.

तो फोटो मी कोणालाच दाखवला नाही. पुसलाही नाही. त्यात हात अगदी स्पष्ट आलाय. तुला हवा असेल तर तुझा, नको असेल तर आपण दोघं मिळून पुसू.

२५ तारखेला, रविवारी, अकराच्या सुमारास येतो. नको असेन तर कळव. काहीच कळवलं नाहीस तर ये असं समजेन. कॅमेरा घरीच ठेवणार आहे. लेन्स मात्र खिशात आणतो, ठशासकट. तुझाही चष्मा आता पुरत नसेल, औषधांवरची अक्षरं वाचायला होईल.

एवढंच कर. फाटकात येऊन उभी राहू नकोस. आत बसून राहा. या वेळी रस्ता मी ओलांडतो, बेल वाजवतो, आणि तू दार उघडेपर्यंत हलत नाही.

चाळीस पावलं उशिरा निघालेला,
तुझा ढब्बू